वाइडबँड सेन्सर सायलेन्सरच्या पाइपात नेमका कुठे बसवायचा

वाइडबँड म्हणजे धुरातल्या ऑक्सिजनवरून हवा-इंधनाचं प्रमाण दाखवणारा सेन्सर. टर्बो गाडी असेल तर सेन्सर टर्बोच्या पुढे डाऊनपाइपमध्ये (टर्बोतून धूर बाहेर नेणारा पाइप), साधारण ६०-९० सेंमी लांब पण कॅटच्या (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) आधीच घ्या, टर्बोच्या आधी लावला तर उष्णता आणि प्रेशरने रीडिंग चुकतं आणि सेन्सरही लवकर जातो. साध्या इंजिनला चारही पाइप एकत्र येतात त्याच्या पुढे. पाइपाच्या खालून तर अजिबात नको, सकाळी थंड इंजिन चालू केलं की आत पाणी साचतं, ते गरम सिरॅमिकवर उडालं की तडा गेलाच समजा, म्हणून आडव्या रेषेपासून किमान १० अंश वर. बंग (सेन्सर फिरवून बसवायची, पाइपाला वेल्ड करायची आट्यांची रिंग) एम१८×१.५ चा, वेल्डिंग करताना सेन्सर बाहेर! आणि आधी फ्लँजचा (पाइपांच्या जोडाचा) लीक बघा, नाहीतर उगाच लीन (इंधन कमी, हवा जास्त) दाखवेल.