बारक्या रिंगवर कॉइल गुंडाळताना

खानापूरकडे पावसात वीज गेली की १.५ व्होल्टच्या एका सेलवर पांढरा एलईडी पेटवणारं सर्किट फार कामाला येतं. त्याच्या कॉइलसाठी बंद पडलेल्या सीएफएलच्या सर्किटमधली बारकी फेराइट रिंग (लोहयुक्त चुंबकीय पदार्थाची कडी) काढा (काचेची नळी मात्र फोडू नका, आत पारा असतो). मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे ३० गेजच्या इनॅमल तारेचे (वर वीजरोधक थर असलेली तांब्याची तार) उरलेले तुकडे विचारा. दोन तारा जोडीने धरून १५-२० वेढे द्या. एका तारेच्या दोन्ही टोकांना एकेक वेगळी गाठ मारा, म्हणजे ओळख राहते. एकीची सुरुवात दुसरीच्या शेवटाला जोडायची, तिथेच सेलचा प्लस. टोकांवरचं इनॅमल तांबं चकाकेपर्यंत ब्लेडने खरवडा. माझी कितीतरी सर्किटं नेमकी इथेच अडली. तरीही पेटत नसेल तर एकाच तारेची टोकं अदलाबदल करून बघा.