शेफिल्डजवळच्या छोट्या क्लबात एक हंगाम

क्रीडा व्यवस्थापनात एमएस्सी करायला शेफिल्डला गेले, तेव्हा प्रीमियर लीगच्या, म्हणजे इंग्लंडमधल्या फुटबॉलच्या सगळ्यात वरच्या स्तरावरच्या, एखाद्या क्लबात इंटर्नशिप मिळवायचीच असं मनाशी पक्कं होतं. पहिल्या दीड महिन्यात चाळीसेक अर्ज केले. बहुतेकांचं उत्तरच आलं नाही, आली ती नकाराची. मी हे आमच्या प्राध्यापकांना सांगितलं, तर त्यांनी एकच विचारलं, "तू राहतेस तिथून सगळ्यात जवळचं मैदान कुठलं?" मला सांगता आलं नाही.

बसने वीस मिनिटांवर आठव्या स्तरावरचा एक क्लब होता. त्या शनिवारी गेले, तिकीट काढलं, अख्खी मॅच उभ्याने पाहिली आणि संपल्यावर गेटवरच्या बाईंना विचारलं, "तुम्हाला मदतीला कोणी हवंय का?" त्यांनी आत हाक मारून सेक्रेटरींना बोलावलं. पुढच्या मंगळवारपासून मी कामाला लागले. फुटबॉलच्या क्षेत्रात शिरायचं आहे, पण आत कोणाची ओळख नाही, अशा प्रत्येकाला मी आता हेच सांगते: वरून खाली येऊ नका, खालून सुरू करा. तिथे माणसं कमी असतात, त्यामुळे प्रत्येक काम तुमच्या हाताखालून जातं.

आधी थोडी रचना समजून घ्या. प्रीमियर लीगचे 20 आणि त्याखालच्या तीन विभागांचे 72, असे 92 क्लब वगळले की उरलेलं सगळं नॉन-लीग. पाचवा स्तर म्हणजे नॅशनल लीग, पण नॉन-लीगची माणसं त्याला ‘स्टेप वन’ म्हणतात. त्या हिशेबाने आमचा आठवा स्तर म्हणजे ‘स्टेप फोर’. मैदानावर सगळे स्टेपमध्ये बोलतात आणि बाहेरच्या बातम्यांत स्तर लिहिलेला असतो, म्हणून हा चारचा फरक पहिल्या दिवशीच डोक्यात बसवा. स्तरांमधली दारं उघडी आहेत. पाचव्या स्तरावरून चौथ्यात थेट बढती 1987 साली सुरू झाली आणि ती मिळवणारा पहिला क्लब स्कारबरो. त्याआधी वर जायचं तर मतदानात निवडून यावं लागायचं.

शेफिल्डला असाल तर तुमचं नशीब थोर. 1857 साली स्थापन झालेला शेफिल्ड एफसी हा जगातला सगळ्यात जुना फुटबॉल क्लब आजही नॉन-लीगमध्येच खेळतो, शहराबाहेर ड्रॉनफिल्डला. 1860 सालचा हॅलम एफसी अजून सँडीगेटवर खेळतो, आणि ते जगातलं सगळ्यात जुनं फुटबॉल मैदान मानलं जातं. मैदान एका अंगाला चांगलंच उतरतं आहे. मी तिथे पहिल्यांदा कठड्याला टेकून उभी राहिले तेव्हा मला कोल्हापूरचं शाहू स्टेडियम आठवलं. आमच्याकडे पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या संघांची मॅच असली की घरातले बाबा-काका दुपारचं जेवण लवकर उरकायचे. खेळणारी पोरं पेठेतलीच, नावानिशी ओळखीची. इथेही तसंच. आमचा सेंटर-हाफ, म्हणजे बचावफळीतला मधला खेळाडू, प्लास्टरिंगची कामं करायचा. मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी सरावाला यायचा तेव्हा त्याच्या मनगटापर्यंत पांढरी भुकटी असायची. शेफिल्डजवळच्याच स्टॉक्सब्रिज पार्क स्टील्सकडून जेमी वार्डी आठवड्याला 30 पौंडांवर खेळायचा आणि दिवसा कारखान्यात काम करायचा. 2012 मध्ये लेस्टरने त्याला फ्लीटवूडकडून 10 लाख पौंडांना घेतलं, आणि 2016 मध्ये तो प्रीमियर लीगचा विजेता झाला. त्या भागातल्या प्रत्येक ड्रेसिंग रूममध्ये ही गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ आहे.

आपण सप्टेंबरात पोचतो तोवर हंगाम महिनाभर पुढे सरकलेला असतो. एफए कप, म्हणजे वरपासून खालपर्यंतच्या क्लबांची बाद पद्धतीची स्पर्धा, तिच्या अगदी सुरुवातीच्या फेऱ्या ऑगस्टमध्येच होतात. नोव्हेंबरच्या पहिल्या फेरीत 80 क्लब असतात. त्यातले 48 लीग वन आणि लीग टूचे, म्हणजे तिसऱ्या आणि चौथ्या स्तरावरचे, उरलेले 32 खालून जिंकत आलेले. छोट्या क्लबासाठी या कपातली बक्षिसाची रक्कम म्हणजे वर्षाच्या जमाखर्चातली मोठी ओळ. आमचा क्लब मी जायच्या आधीच बाहेर पडला होता, आणि त्या एका पराभवाची खंत मी डिसेंबरपर्यंत ऐकत होते.

माझ्याकडे पहिल्यांदा मॅचच्या कार्यक्रमपत्रिकेचं काम आलं: पाहुण्या संघाची माहिती, खेळाडूंची यादी, स्थानिक दुकानांच्या जाहिराती. नावांचं स्पेलिंग खेळाडूलाच विचारून लिहायचं, इंटरनेटवरून उचलायचं नाही, हे मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं गेलं. पुढे सोशल मीडिया आला, मग मॅचच्या दिवशी संघयादी पंचांच्या खोलीत पोचवणं, मग रॅफल, म्हणजे बक्षिसांची सोडत. तिकिटं, बार, मैदानाभोवतीच्या जाहिरातींच्या पाट्या आणि रॅफल यांवर क्लब चालतो. वरच्या पाच स्तरांवर मैदान दिसेल अशा जागी बिअर प्यायला 1985 च्या कायद्याने बंदी आहे. आमच्या स्तरावर ती नाही, म्हणून लोक ग्लास हातात घेऊन गोलमागे उभे राहतात, आणि बारचं उत्पन्न कधी कधी गेटवरच्या तिकिटांच्या बरोबरीला येतं.

मी सगळ्यात जास्त शिकले ती जानेवारीतली एक सकाळ. रात्रभर पाऊस पडला होता. नऊ वाजता सेक्रेटरी दाताळं घेऊन क्लबहाऊसकडच्या गोलपाशी उभे होते. त्यांनी दात जमिनीत खुपसले, उपसले, आणि प्रत्येक भोकातून पाणी वर आलं. तपासणीला आलेल्या स्थानिक पंचांनी खांद्याच्या उंचीवरून चेंडू सोडला. चेंडूने टप्पा घेतलाच नाही, थप्प आवाज करून तिथेच बसला. मॅच रद्द. मी लगेच फोन काढला आणि क्लबच्या खात्यावर टाकून दिलं.

दहा मिनिटांत पाहुण्या क्लबच्या सेक्रेटरींचा फोन आला. त्यांची बस निघालेली होती आणि ही बातमी त्यांना बसमधल्या एका खेळाडूने मोबाईलवर दाखवली होती. ते चिडले, आणि त्यांचं चिडणं बरोबर होतं. आमचे सेक्रेटरी माझ्यावर ओरडले नाहीत. ऑफिसात नेऊन त्यांनी एका कागदावर क्रम लिहून दिला: पहिला फोन पाहुण्यांच्या सेक्रेटरींना, दुसरा मॅचच्या पंचांना, तिसरा लीगला, चौथा चहाच्या खिडकीवर काम करणाऱ्या बाईंना, कारण ‘पाय’ (सारण भरून भाजलेला पदार्थ) आणि बर्गरचा माल त्या साडेनऊला आणायला निघतात. जगाला सांगायचं सगळ्यात शेवटी. तो कागद अजून माझ्या पाकिटात आहे. पुढे नोकरीच्या मुलाखतीत आणीबाणीच्या वेळी काय कराल असं विचारलं, तेव्हा मी हाच क्रम सांगितला.

बुडालेली मॅच मंगळवारी रात्री खेळवतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये असे मंगळवार साठतात आणि पावणेआठला सुरू झालेली मॅच संपेपर्यंत शेवटची बस निघून जाण्याची वेळ येते. परतीचं आधीच ठरवा. क्लबातलं कोणी ना कोणी गाडीतून सोडतं, पण ते आधी सांगून ठेवलेलं बरं. पायात दोन जोड मोजे हवेतच. सिमेंटच्या पायरीवर दोन तास उभं राहिलं की थंडी तळव्यातून वर चढते. सत्तरीच्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारणं मला महिनाभर जमलं नाही. मी ‘सर’ म्हणायचे आणि ते प्रत्येक वेळी प्रेमाने स्वतःचं नाव सांगायचे. लवकर सवय करून घ्या, त्यांना ते आवडतं.

व्हिसाचा भाग मात्र अजिबात हलक्यात घेऊ नका. आमच्या वर्गात म्हापशाचा एक मुलगा होता, डाव्या पायाचा सुंदर विंगर. आमच्या कोचने त्याला सरावात पाहिलं आणि सही करायला बोलावलं. पण विद्यार्थी व्हिसावर व्यावसायिक खेळाडू किंवा कोच म्हणून काम करता येत नाही, आणि अर्धव्यावसायिक स्तरही त्यात धरला जातो, पैसे न घेता खेळलात तरी. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाने त्याला वेळीच थांबवलं. तो वर्षभर विद्यापीठाच्या संघात खेळला. हातात आलेली जर्सी परत देताना त्याचा चेहरा मी पाहिला आहे, म्हणून आवर्जून लिहिते. क्लबातल्या मदतीचंही तेच: कुठलं काम निव्वळ सेवा आणि कुठलं आठवड्याच्या तासांच्या मर्यादेत मोजलं जातं, ते त्याच कार्यालयाकडून लेखी विचारून घ्या. लहान मुलांच्या संघांबरोबर काम असेल तर डीबीएस तपासणी, म्हणजे गुन्हेगारी नोंदींची सरकारी तपासणी, लागते. त्यासाठी पासपोर्ट आणि पत्त्याचा पुरावा जवळ ठेवा. सेवा म्हणून काम करणाऱ्यांना तिची सरकारी फी पडत नाही.

आणि ईमेलवर विसंबून राहू नका. तो ईमेल वाचणारा माणूस दिवसभर दुसरी नोकरी करतो. शनिवारी दोन वाजता मैदानावर जा. तीनला मॅच सुरू व्हायची असते, गेटवर रांग लागलेली असते, आणि कार्यक्रमपत्रिकांचे गठ्ठे सोडायला तिथे बहुधा एक हात कमीच पडत असतो.