हातातल्या पुस्तकाविषयी इतरांना कसे सांगावे

वाचून झालेल्या पुस्तकाचे परीक्षण लिहिणे आणि वाचत असलेल्या पुस्तकाविषयी सांगणे ही दोन वेगळी कामे आहेत. परीक्षणात पुस्तक पूर्ण झालेले असते, त्याचा शेवट ठाऊक असतो आणि वाचकाकडून काही निर्णयाची अपेक्षा असते. चालू वाचनाविषयी सांगताना यांपैकी काहीच हाताशी नसते. आपण कुठवर आलो आहोत, तिथून काय दिसते आहे आणि पुढे काय असावे असे वाटते, एवढेच आपल्याला प्रामाणिकपणे सांगता येते. ‘सध्या काय वाचत आहात?’ या प्रश्नाची बरीच उत्तरे हा फरक लक्षात न घेतल्यामुळे फसतात. सांगणारा पुस्तकाचे नाव उच्चारून थांबतो, नाहीतर पन्नास पानांच्या आधारावर संपूर्ण पुस्तकाचा निवाडा करून मोकळा होतो. पहिल्या उत्तरातून ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही, आणि दुसरे उत्तर पुढे स्वतः सांगणाऱ्यालाच बदलावे लागण्याची शक्यता असते.

पुस्तकाची ओळख नेमकी द्यावी

सुरुवात पुस्तकाच्या तपशिलांपासून करावी. पुस्तकाचे पूर्ण नाव आणि लेखकाचे नाव हे तर आलेच. पण पुस्तक अनुवादित असेल तर अनुवादकाचे नाव कधीही गाळू नये. एकाच मूळ ग्रंथाचे दोन-तीन अनुवाद उपलब्ध असणे ही सामान्य गोष्ट आहे, आणि आपण ज्या वाक्यांवर लुब्ध झालो ती त्या विशिष्ट अनुवादकाची कमाई असू शकते. ऐकणाऱ्याने दुसराच अनुवाद मिळवला, तर आपण सांगितलेली गोष्ट त्याला त्यात सापडणार नाही. आवृत्तीचेही तसेच आहे. सुधारित आवृत्तीत कधी नवी प्रकरणे येतात, कधी जुनी गळतात, कधी प्रस्तावना बदलते. ही माहिती बहुधा शीर्षकपृष्ठाच्या मागच्या पानावर बारीक अक्षरांत छापलेली असते. म्हणून छायाचित्र पाठवायचे असेल तर मुखपृष्ठाबरोबर त्या पानाचेही पाठवावे. तिथेच आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाची ओळख पटवणारा आंतरराष्ट्रीय क्रमांक, असतो; २००७ पासून तो तेरा अंकी आहे, त्याआधी दहा अंकी होता. बांधीव प्रत, कागदी वेष्टनाची प्रत आणि ई-पुस्तक यांना वेगवेगळे क्रमांक दिले जात असल्याने आपली नेमकी प्रत कोणती, हे त्यावरून निश्चित करता येते.

यानंतर, आपण पुस्तकात कुठे आहोत ते सांगावे. बहुतेक जण हे सांगतच नाहीत, आणि माझ्या मते संपूर्ण कथनातील सर्वांत आवश्यक वाक्य तेच आहे, कारण त्यापुढच्या प्रत्येक विधानाचे वजन त्यावरून ठरते. ‘पहिली तीन प्रकरणे वाचली आहेत’ असे आधी सांगून मग ‘गती संथ वाटते’ असे म्हटले, की ऐकणारा त्या मताला योग्य तेवढेच महत्त्व देतो. पानाच्या आकड्यापेक्षा प्रकरणाचा क्रमांक किंवा शीर्षक सांगणे केव्हाही चांगले. आवृत्तीनुसार पानांचे आकडे बदलतात, आणि ज्या ई-पुस्तकांत मजकूर पडद्याप्रमाणे मांडला जातो, त्यांत तर अक्षराचा आकार वाढवला की एका पडद्यावर मावणारा मजकूरही बदलतो. ई-वाचनयंत्र दाखवते ती टक्केवारीही जपून वापरावी. टिपा, संदर्भ आणि सूची यांनी इतिहासविषयक किंवा विज्ञानविषयक ग्रंथाचा मोठा भाग व्यापलेला असतो, त्यामुळे मुख्य विवेचन पाऊणएक मजकुरातच संपलेले असू शकते. टक्केवारीवर विसंबणारा वाचक ‘अजून बरेच बाकी आहे’ असे सांगत असतो, आणि प्रत्यक्षात तो शेवटच्या प्रकरणात पोहोचलेला असतो.

ध्वनिपुस्तकांच्या (ऑडिओबुक) बाबतीत तास-मिनिटांचा आकडा तितकाच निरुपयोगी असतो, कारण दीडपट वेगाने ऐकणाऱ्याचा एक तास आणि मूळ वेगाने ऐकणाऱ्याचा एक तास सारखा नसतो. तिथेही प्रकरणच सांगावे, आणि वाचकस्वर कोणाचा आहे तेही जरूर सांगावे. ऐकलेल्या पुस्तकातील व्यक्तींची आणि गावांची नावे लिहून कळवायची असतील, तर ती छापील प्रतीशी एकदा पडताळून घ्यावीत. कानाने ऐकलेले नाव कागदावर भलतेच उतरण्याचा संभव असतो.

हे पुस्तक आपल्याकडे कसे आले, हेही एका वाक्यात सांगण्याजोगे असते. कोणी सुचवले, एखाद्या दुसऱ्या पुस्तकातील तळटीपेतून सापडले, ग्रंथालयाच्या मांडणीवर शेजारचे पुस्तक शोधताना दिसले, की बऱ्याच दिवसांपासून घरात पडून होते. यातून ऐकणाऱ्याला आपली अपेक्षा कळते, आणि त्या अपेक्षेच्या संदर्भातच आपली नाराजी किंवा आनंद समजून घेता येतो.

एक जागा जवळून दाखवावी

‘फार छान आहे’, ‘खिळवून ठेवते’, ‘प्रत्येकाने वाचलेच पाहिजे’ ही वाक्ये कोणत्याही पुस्तकाला लागू पडतात, म्हणूनच ती कोणत्याही पुस्तकाविषयी काही सांगत नाहीत. त्याऐवजी पुस्तकातील एक छोटी, ठळक जागा निवडून ती सांगावी. समजा, एक वाचक गिर्यारोहकाचे आत्मकथन वाचत आहे. तो असे सांगू शकतो: ‘मी चौथ्या प्रकरणात आहे. चढाई अजून सुरू झालेली नाही, सगळे प्रकरण सामानाच्या बांधाबांधीत जाते. वजन कमी करण्यासाठी लेखक दात घासण्याच्या ब्रशचा दांडा कापून टाकतो, आणि त्याच पिशवीत वडिलांचे जाड, निरुपयोगी पत्र मात्र ठेवतो. हे पत्र पुढे येईल असे वाटते. भाषा कोरडी आहे, पण अशा जागांमुळे मी वाचत राहिलो आहे.’ या पाच-सहा वाक्यांत पुस्तकाचा प्रकार, वाचकाचे ठिकाण, लेखकाचा स्वभाव, भाषेचा पोत, एक अंदाज आणि एक तक्रार एवढे सगळे आले, आणि तरीही निवाडा कुठेच झालेला नाही. ऐकणाऱ्याला हे पुस्तक आपल्यासाठी आहे की नाही, हे ठरवायला एवढे पुरेसे असते.

अशी जागा आयत्या वेळी आठवत नाही, म्हणून वाचतानाच तिची नोंद करावी लागते. पेन्सिलीची फिकट खूण, पानात ठेवलेली चिठ्ठी किंवा वेगळी वाचनवही यांपैकी काहीही चालेल. मात्र ग्रंथालयाच्या किंवा उसन्या प्रतीवर खुणा करू नयेत. वहीत उतारे लिहून ठेवण्याची पद्धत जुनी आहे. सतराव्या शतकातील इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी अशा वहीसाठी विषयाचे पहिले अक्षर आणि त्यानंतरचा पहिला स्वर यांच्या आधारे सूची करण्याची रीत मांडली होती. वाचनवहीसाठी एवढा खटाटोप करण्याचे कारण नाही. तारीख, प्रकरण, पान आणि दोन ओळी एवढे पुरते.

उतारा जसाच्या तसा सांगायचा असेल तर मात्र काटेकोर असावे. शब्द, विरामचिन्हे आणि परिच्छेद मूळाप्रमाणे ठेवावेत, मधला मजकूर वगळला असेल तर तिथे टिंबे द्यावीत आणि पान नोंदवावे. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे ते वाक्य कोणाचे आहे ते सांगावे. कादंबरीतील एखादे कटू, आत्मकेंद्री पात्र काही बोलते, ते वाक्य सुटे होऊन फिरू लागते आणि काही दिवसांत ते लेखकाचे मत म्हणून ओळखले जाते. वैचारिक ग्रंथातही हे घडते, कारण लेखक आधी विरोधी पक्षाची बाजू पूर्ण ताकदीने मांडतो आणि पुढच्या प्रकरणात तिचे खंडन करतो. अर्ध्या वाटेवर असलेल्या वाचकाला ते खंडन अजून भेटलेले नसते. म्हणूनच चालू वाचनातील उतारा सांगताना ‘हे अमुक पात्र म्हणते’ किंवा ‘इथवर तरी लेखकाची मांडणी अशी दिसते’ अशी जोड द्यावी. लेखकाशी न्यायाने वागण्याची ती किमान अट आहे. उतारा छोटा ठेवावा. पानेच्या पाने छायाचित्रित करून पाठवणे हे पुस्तक सांगणे होत नाही, आणि लेखक-प्रकाशकाच्या हक्काचा प्रश्नही त्यात येतो.

कथानक किती सांगावे

कथा, कादंबरी आणि रहस्यकथा यांच्याविषयी बोलताना रसभंगाचा प्रश्न येतोच. सर्वसाधारण मर्यादा म्हणून, मलपृष्ठावर जे सांगितले आहे आणि सुरुवातीच्या भागात जे घडते, तेवढेच मोकळेपणाने सांगावे. त्यापुढचे सांगायचे असेल तर आधी तसे स्पष्ट कळवावे आणि ऐकणाऱ्याला थांबवण्याची संधी द्यावी. जोनाथन लेविट आणि निकोलस क्रिस्टनफेल्ड या संशोधकांनी २०११ मध्ये लघुकथांवरील एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. त्यात शेवट आधीच ठाऊक असलेल्या वाचकांना कथा सरासरीने अधिक आवडल्या, असे आढळले. या निष्कर्षाचा आधार घेऊन कोणी बिनधास्त शेवट सांगू लागले, तर ते मला अजिबात पटत नाही. तो प्रयोग लघुकथांचा होता, आठवडाभर सोबत बाळगलेल्या सहाशे पानी कादंबरीचा नव्हता. शिवाय शेवट आधी कळावा की नाही, हे ठरवण्याचा अधिकार वाचणाऱ्याचा आहे, सांगणाऱ्याचा नाही. आधी कळलेली गोष्ट नंतर पुसता येत नाही.

रसभंग फक्त घटना सांगितल्यानेच होतो असेही नाही. ‘शेवटी जबरदस्त कलाटणी आहे’ एवढे ऐकूनही वाचक प्रत्येक पानावर ती कलाटणी शोधत बसतो. ज्याने ते पुस्तक पूर्वी वाचले आहे, त्याच्यावर तर अधिक जबाबदारी असते. समोरचा माणूस मध्यावर आहे हे कळल्यावर त्याने सूचक हसू नये, ‘थांबा, पुढे बघा काय होते’ असेही म्हणू नये. ‘मी वाचले आहे, तुमचे पूर्ण झाले की बोलू’ एवढे म्हणून त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे.

गटात सांगताना

मित्रमंडळी, कुटुंब किंवा कार्यालयातील सहकारी यांनी ठरावीक काळाने एकत्र येऊन चालू वाचनाची देवाणघेवाण करायची असेल, तर नियम थोडे आणि स्पष्ट असावेत. प्रत्येकाला तीन-चार मिनिटे द्यावीत, एका वेळी एकाच पुस्तकाविषयी बोलावे, आणि एकाने नावांची नोंद ठेवावी. ही नोंद वर्षभराने अत्यंत मोलाची ठरते, कारण कोणाच्या सांगण्यावरून कोणी काय वाचले याचा माग तिच्यात दिसतो. सर्वांनी एकच पुस्तक वाचून चर्चा करण्यापेक्षा ही पद्धत मला अधिक उदार वाटते, कारण इथे कोणालाही दुसऱ्याच्या निवडीमागे फरफटत जावे लागत नाही. ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाच सूत्रांत ‘प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक’ आणि ‘प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक’ अशी दोन सूत्रे आहेत. अशा गटात एखादे विस्मृतीत गेलेले पुस्तक अनपेक्षितपणे तिसऱ्याच माणसाच्या उपयोगी पडते, तेव्हा ‘प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक’ हे सूत्र प्रत्यक्षात उतरलेले दिसते.

ऐकणाऱ्यांनी काय विचारावे, यावर गटाचे आयुष्य अवलंबून असते. ‘कोणते पान पुन्हा वाचावेसे वाटले?’, ‘कुठे अडखळलात?’, ‘पुढे काय होईल असे वाटते?’ या प्रश्नांनी सांगणारा खुलतो. ‘असली पुस्तके अजून वाचता?’ या एका वाक्याने तो पुढच्या वेळी येईनासा होतो, आणि आला तरी वजनदार वाटेल असे एखादे नाव सांगून वेळ मारून नेतो. हलकीफुलकी कादंबरी, पाककृतींचे पुस्तक, चित्रकथा, परीक्षेचे पुस्तक, लहानपणी वाचलेल्या पुस्तकाचे पुनर्वाचन हे सगळे चालू वाचनच आहे. लहान मुले गटात असतील तर त्यांना तात्पर्य विचारू नये, कारण त्या क्षणी गप्पांची परीक्षा होते. कोणी आजारपणाविषयी, शोकाविषयी किंवा घटस्फोटाविषयी वाचत असेल, तर ते का वाचत आहे असे विचारू नये. आणि ज्याला आपले वाचन सांगायचेच नाही, त्याला केवळ ऐकण्याची मुभा असावी.

वर्षाला किती पुस्तके वाचली याची मोजदाद गटात आणू नये, असे माझे ठाम मत आहे. आकडा मध्ये आला की जाडजूड ग्रंथ मागे पडतात आणि सावकाश वाचणारा माणूस गप्प होतो.

अर्धवट सोडलेल्या पुस्तकाविषयीही अवश्य सांगावे. कुठे सोडले आणि का, हे प्रामाणिकपणे सांगितले तर ते ऐकणाऱ्याच्या फार उपयोगी पडते. विषयाची पूर्वतयारी कमी पडली, छपाई डोळ्यांना सोसेना, अनुवाद बोजड वाटला, की मन त्या काळात थाऱ्यावर नव्हते, ही कारणे वेगवेगळी आहेत आणि त्यांपैकी काहींचा पुस्तकाच्या गुणवत्तेशी काही संबंध नाही. एखाद्याला पूर्वतयारीअभावी जड गेलेला ग्रंथ त्या विषयाच्या जाणकाराला नेमका हवा असू शकतो.

पुस्तक पूर्ण झाले की ज्यांना मध्यावर सांगितले होते त्यांना पुन्हा एकदा कळवावे. आधीचा अंदाज खरा ठरला का, मत बदलले का, आणि बदलले असेल तर कोणत्या प्रकरणापासून, एवढे दोन-तीन वाक्यांत सांगितले की पुरे. त्यांच्यापैकी कोणी दरम्यान तेच पुस्तक वाचायला घेतले असेल, तर आधी तो कुठवर आला आहे ते विचारावे आणि मगच पुढचे बोलावे.