दोनच कॉर्ड घ्या आणि उजवा हात बदला: गिटारवर वेगवेगळ्या स्टाईल कशा शिकायच्या

गिटार थोडीफार यायला लागली की बहुतेक जण नवीन कॉर्ड गोळा करत सुटतात. ब्लूज वाजवायचंय म्हणून ब्लूजच्या कॉर्ड, जॅझ वाजवायचंय म्हणून बोटं मोडतील असला कसलातरी चार्ट, आणि महिन्याभराने वाजतं मात्र तेच डाऊन-डाऊन-अप. माझं म्हणणं असं की एक स्टाईल दुसरीपेक्षा वेगळी ऐकू येते ती मुख्यतः उजव्या हातामुळे, म्हणजे कुठली मात्रा ठोकली, कुठली सोडली, तार किती वेळ वाजू दिली आणि कधी बंद केली. (डावखुरे असाल तर सगळं उलटं वाचा.)

म्हणून आपण एकच जोडी धरून चालू, ए मायनर आणि डी. चार मात्रा ही, चार मात्रा ती, मेट्रोनोम ६० वर. ठेका न तोडता एवढी अदलाबदल होत असेल तर पुढचं वाचा, होत नसेल तर आधी तेवढंच करा, त्याला शॉर्टकट नाही.

सुरुवात फिंगरपिकिंगने करा कारण त्यात अंगठा स्वतंत्र होतो आणि तो पुढे सगळीकडे कामाला येतो. कंट्री आणि फोकमध्ये जे ट्रॅव्हिस पिकिंग म्हणतात (मर्ल ट्रॅव्हिसच्या नावावरून) त्यात अंगठा चारही मात्रांवर आलटून पालटून दोन जाड तारांवर चालत राहतो, ए मायनरला पाचवी-चौथी, डीला चौथी-तिसरी (तारा बारीककडून मोजायच्या, सगळ्यात जाड ती सहावी; जाडीकडून नावं ई-ए-डी-जी-बी-ई). आधी नुसता अंगठा. तो इतका चालला पाहिजे की तुम्ही कोणाशी बोलताय आणि तो चालूच आहे, मगच तर्जनी आणि मधल्या बोटाने बारीक तारा दोन मात्रांच्या मध्ये घाला. सगळे इथेच घाई करतात, बोटं घातली की अंगठा बोटांच्या मागे पळायला लागतो.

ब्लूजला मात्रेचे तीन भाग करायचे, पहिला आणि तिसरा वाजवायचा, मधला सोडायचा. हाच शफल. ए ची तार मोकळी आणि डी च्या तारेवर दुसरा फ्रेट, दोन्ही एकत्र, मग दुसऱ्याच्या जागी चौथा फ्रेट, परत दुसरा. डी साठी हाच आकार एक तार खाली, म्हणजे बारीक तारेकडे सरकवायचा, ई साठी एक तार वर. आता बारा बारचा साचा लावा (एक बार म्हणजे चार मात्रा): ए ४ बार, डी २, ए २, मग ई १, डी १ आणि शेवटी ए २. ए मायनर इथे ए सेव्हन होते, कारण ब्लूजची गंमतच अशी की खाली मेजर कॉर्ड आणि वर मायनर पेंटाटॉनिक, म्हणजे पाच सुरांची मायनर स्केल. बेंड, म्हणजे तार ढकलून सूर चढवणं, शिकायचा तर जी च्या तारेवर सातव्या फ्रेटला अनामिका ठेवा, तिच्यामागे मधलं बोट आणि तर्जनी आधाराला, अंगठा मानेवरून वर आलेला, आणि तार ढकलायची ती बोटाने नाही, मनगट फिरवून. सूर कुठपर्यंत न्यायचा हे आधी नववा फ्रेट वाजवून कानात धरा, मग सातव्यावरून तिथे पोचा. ज्यांचा कान मींडेला सरावलेला आहे त्यांना हे लवकर जमतं, बाकीच्यांनी ट्यूनर समोर ठेवायला हरकत नाही. अकूस्टिकवर १२ नंबरचा (नंबर म्हणजे तारांची जाडी) सेट असेल तर तिसऱ्या तारेवर बहुतेक वेळा बारीक तारेचं वेटोळं असतं आणि ती सहज वाकत नाही, दोष तुमचा नाही, इलेक्ट्रिकवर ९ किंवा १० च्या सेटवर करून बघा.

रॉक आणि मेटलबद्दल थोडक्यात. पॉवर कॉर्ड म्हणजे मूळ सूर आणि त्याचा पंचम, बस. ए साठी जाड ई वर पाचवा फ्रेट आणि पुढच्या तारेवर सातवा, डी साठी तेच एक तार खाली. डिस्टॉर्शन लावल्यावर पूर्ण कॉर्डचा नुसता चिखल होतो, म्हणून मधला गंधार काढून टाकतात. खरं काम पाम म्यूटचं. तळहाताची कड बरोबर ब्रिजवर, जिथे तार संपते तिथे टेकवायची. जरा पुढे गेलात तर सूर मरतो, मागे गेलात तर म्यूट होतच नाही. ब्लॅक सॅबथच्या टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं कारखान्यात तुटली, आणि तो डावखुरा, म्हणजे नेमका फ्रेटवरचा हात. त्याने बोटांना घरी बनवलेल्या टोप्या घातल्या, हलक्या तारा लावल्या, पुढे ट्यूनिंगही खाली आणलं. तो जड आवाज बराचसा या अडचणीतून आलाय.

फंकवर मात्र वेळ घालवा, माझ्या मते उजव्या हाताचा याच्याइतका चांगला व्यायाम दुसरा नाही. एका मात्रेचे चार भाग, हात खाली-वर-खाली-वर, आणि हात कधीच थांबवायचा नाही, तारांना लागो न लागो. कॉर्ड ऐकू कधी येणार हे डावा हात ठरवतो: दाबला की सूर, सैल सोडला (पण तारांवरून उचलायचा नाही) की नुसती खरखर. ए मायनर सेव्हन पाचव्या फ्रेटवर तर्जनी सगळ्या तारांवर आडवी दाबून, आणि डी नाइन तिथेच शेजारी, पाचव्या तारेवर पाच, चौथीवर चार, बाकी तिन्हींवर पाच. जाड तारा वाजवूच नका, बारीक चार पुरे. आधी पूर्ण बार नुसती खरखरच करा, सोळा समान ठोके, मग फक्त पहिल्या ठोक्यावर दाबा, मग पहिल्या आणि चौथ्यावर, मग चौथ्या आणि सातव्यावर, असं हलवत राहा. जेम्स ब्राउनच्या बँडमधला जिमी नोलन हेच करायचा, हलकंसं दाबून लगेच सोडायचं.

रेगे त्यामानाने सोपं दिसतं. एक-दोन-तीन-चार मोजा, दोन आणि चारवर एकेक तुटक डाऊनस्ट्रोक, ठोकला की डावा हात लगेच सैल. अवघड असतं ते एक आणि तीनवर काहीही न करणं, आपल्याला समेवर ठोकायची इतकी सवय असते की हात आपोआप जातो. पायाने एक दाखवत राहा.

जॅझमध्ये घाबरायचं कारण नाही, तीन सुरांच्या शेल कॉर्ड घ्या. ए मायनर सेव्हन: सहाव्या, चौथ्या आणि तिसऱ्या तारेवर पाचवा फ्रेट, बाकी बंद. डी सेव्हन: पाचव्या तारेवर पाच, चौथीवर चार, तिसरीवर पाच. आता नीट बघा काय बदललं. मूळ सूर सहावीवरून पाचवीवर गेला, चौथ्या तारेवरचं बोट एक फ्रेट मागे आलं, तिसरीवरचं जागचं हललंच नाही. जॅझवाले ज्याला व्हॉइस लीडिंग म्हणतात ते हेच, आणि हे कळलं की तो मोठा चार्ट लागत नाही. उजव्या हाताने चारही मात्रांवर छोटे, सारखे डाऊनस्ट्रोक द्या. काउंट बेसीच्या ऑर्केस्ट्रात फ्रेडी ग्रीन १९३७ पासून १९८७ पर्यंत हेच वाजवत होता, आणि त्याच्या कॉर्डमधला बऱ्याचदा एखाद-दुसराच सूर ऐकू यायचा. मेट्रोनोम निम्म्या स्पीडवर लावून तो ठोका दोन आणि चारचा समजा, सुरुवातीला डोकं फिरतं पण स्विंग त्याशिवाय येत नाही. आणि बोटं कमी पडतात म्हणून रडणाऱ्यांनी जँगो राइनहार्ट ऐका, १९२८ च्या आगीत त्याची डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी जायबंदी झाली, सोलो तो मुख्यतः उरलेल्या दोन बोटांवर वाजवायचा.

याच कॉर्ड घेऊन बोसा नोव्हाकडे जाता येतं. अंगठा पायाखालच्या ठोक्यासारखा सरळ, आणि बाकीची बोटं एकत्र तारा उचलतात ती ठोक्याच्या जरा आधी किंवा नंतर. बोसाचा ब्राझिलियन गायक-गिटारवादक जुआँव जिल्बेर्तो ऐकताना आधी फक्त अंगठा ऐका. ट्रॅव्हिस पिकिंगचा सराव इथे वसूल होतो.

फ्लेमेन्कोला मी शेवटी ठेवतो. रासगेआदो म्हणजे करंगळी, अनामिका, मधलं, तर्जनी अशी एकामागोमाग उघडायची आणि नखाच्या बाहेरच्या बाजूने तारा मारायच्या. चारही ठोके सारखे वाजले पाहिजेत, करंगळीचा नेहमी कमी पडतो, म्हणून तिला एकटीला आधी तयार करा. पुढचा डोंगर म्हणजे कोम्पास, फ्लेमेन्कोचं तालचक्र. सोलेआ या प्रकाराच्या १२ मात्रा आणि जोर ३, ६, ८, १०, १२ वर. तालात वाढलेल्या माणसाला मात्रा मोजणं नवीन नाही, पण इथे शेवट दहावर होतो आणि समेची सवय आडवी येते, त्यामुळे गिटार बाजूला ठेवून टाळ्यांवर बोला, गिटार नंतर. लाकडावर बोटाने गोल्पे मारणार असाल तर गिटारला टॅपिंग प्लेट आहे का बघा, नाहीतर चरे पडतील. आणि नायलॉनच्या गिटारला स्टीलच्या तारा कधीच लावू नका, ताण जास्त असतो, ब्रिज उखडतो.

स्लाइड करायचा असेल तर ट्यूनिंगच बदला, ओपन जी म्हणजे जाडीकडून डी-जी-डी-जी-बी-डी. स्लाइडची बोटात घालायची नळी फ्रेटच्या पट्टीच्या बरोबर वर धरायची, मागे नाही, आणि दाबायचं नाही, मागचं बोट तारांवर हलकं टेकवून खरखर मारायची. हिंदुस्तानी शास्त्रीय गिटारवादक ब्रिजभूषण काब्रांनी गिटार मांडीवर आडवी ठेवून याच तंत्राने राग वाजवले, मींड किती लांब जाऊ शकते ते तिथे ऐका.

वेळेचं म्हणाल तर एका स्टाईलला निदान तीन-चार आठवडे द्या आणि रोज अर्ध्या तासातली पहिली दहा मिनिटं त्याच ए मायनर-डीवर, बाकी वेळात त्या स्टाईलची एखादी रेकॉर्डिंग लावून नुसता ठेका पकडा. बोटांची टोकं दुखली तर चालतं, मनगट किंवा कोपर दुखलं तर त्या दिवशी गिटार ठेवून द्या. फंकनंतर रेगे सोपं जातं, फिंगरपिकिंगनंतर बोसा, ब्लूजनंतर स्लाइड. फ्लेमेन्कोआधी उजव्या हाताची नखं वाढू द्या, डाव्याची मात्र कापलेलीच हवीत.