पेग म्हणजे पेग नव्हे: यकृताकडे जाणाऱ्या नॅनोकणांवर काम करू पाहणाऱ्यांसाठी

आर्णी-दारव्ह्याकडून बी. फार्म करून आलेल्या पोरांचा प्रश्न ठरलेला: "लिपिड नॅनोपार्टिकलचा (आरएनए पेशीत पोचवणाऱ्या चरबीच्या सूक्ष्म कणांचा) विषय घेऊ का?" घ्या. जीपॅट, म्हणजे एम. फार्मची प्रवेश परीक्षा, निघाली तर एम. फार्मला महिना 12,400 रुपये स्कॉलरशिप मिळते. घरी कोरडवाहू कास्तकारी असेल तर पहिले काही महिने उसनवारीची सोय करूनच या, पैसा उशिरा येतो.

घटक चार, ते ठाऊकच असतील. 2018 साली अमेरिकेत मंजूर झालेल्या पॅटिसिरॅन या आरएनए औषधाच्या कणांमध्ये आयनीभवन होणारं (आम्लात धनभारित होऊन आरएनए धरणारं) लिपिड 50, डीएसपीसी हे आधार देणारं लिपिड 10, कोलेस्टेरॉल 38.5 आणि पेग-लिपिड (पेग म्हणजे पॉलिएथिलीन ग्लायकॉल, त्याची साखळी जोडलेलं लिपिड) 1.5 मोल टक्के. सगळे पहिल्याच्या मागे धावतात. मला रडवलं शेवटच्यानं.

लॅबच्या फ्रीजमध्ये लायपोसोमवर (लिपिडच्या पोकळ गोळ्यांवर) काम करणाऱ्या सिनिअरची डीएसपीई-पेग या पेग-लिपिडची बाटली पडून होती. गाईड म्हणाले, "पेग म्हणजे पेग, वापर." वरून कण गोळा होऊ नयेत म्हणून प्रमाणही वाढवायला लावलं. कणांचा आकार मोजणाऱ्या झेटासायझरवर कण देखणे, आरएनए आत बंद. उंदरांमध्ये मात्र त्या आरएनएवरून बनायचं ते प्रथिन नावालाच उतरलं.

इथे नीट थांबा. यकृताकडे जाणाऱ्या कणांत वापरायचं ते डीएमजी-पेग; त्याच्या शेपट्या (पेगला कणात रोवणाऱ्या कार्बन साखळ्या) 14 कार्बनच्या, रक्तात भराभर निसटतात. पेग उतरला की रक्तातलं अपोलिपोप्रोटीन ई (अपो-ई) हे प्रथिन कणावर चढतं आणि यकृतपेशीचा एलडीएल रिसेप्टर त्याला धरून कण आत ओढतो. डीएसपीईच्या शेपट्या 18 कार्बनच्या, कणात रुतून बसतात. पेग हटत नाही, अपो-ईला जागा मिळत नाही. डॉक्सिल या लायपोसोमवाल्या कर्करोगाच्या औषधाला रक्तात फिरत राहायचं असतं, तिथे तीच बाटली योग्य. आकार, पीडीआय (कण किती एकसारखे), एनकॅप्सुलेशन (आरएनए किती आत बंद), तिन्ही आकडे हे लपवतात. खरेदीच्या अर्जावर नुसतं "पेग-लिपिड" लिहाल तर भोगाल; पूर्ण नाव लिहा, शेपटी मोजा.

गाईड मोठ्या नावाचा नसला तरी चालतो, बाटलीवरचं लेबल वाचणारा हवा. बारीक नळ्यांतून द्रव मिसळून कण बनवणारं मायक्रोफ्लुइडिक मशीन नाही म्हणून खचू नका. इथेनॉलमधली लिपिडं आरएनए असलेल्या पीएच 4 च्या आम्लधर्मी बफरमध्ये पिपेटनं झपकन मिसळूनही हात बसतो; आकार थोडा बेशिस्त येईल, येऊ द्या.

आणि मे महिन्यात लिपिड मागवू नका बाप्पा. एमसी3च्या (पॅटिसिरॅनमधल्या त्या पहिल्या लिपिडच्या) शेपट्या असंतृप्त, उष्णतेत खराब होतात. यवतमाळच्या उन्हात कुरिअरवाल्याकडे शनिवारी आलेलं पार्सल सोमवारी हातात पडतं, तोवर बर्फाचं पाणी झालेलं असतं.