शरदातली परसबाग: कॅलेंडर उलटं वाचा

वसंतात बी आठवडाभर उशिरा पडलं तरी बिघडत नाही. दिवस वाढत असतो, रोप भरपाई करून घेतं. शरदात ही सवलत नाही. माती अजून कोमट असते, बी भराभर उगवतं, पण उजेड रोज थोडा कमी होतो आणि वाढ मंदावत जाते. म्हणून तारीख मागून मोजायची. आपल्याकडे कडाक्याची थंडी साधारण कधी पडते ते धरा. बियांच्या पाकिटावर पालकाला काढणीपर्यंत 40 दिवस लिहिले असतील तर त्यात आणखी 12 ते 14 दिवस मिळवा आणि तितकं मागे या. ती पेरणीची शेवटची तारीख, पहिली नव्हे.

याच कारणाने टप्प्याटप्प्याने पेरतानाही अंतर कमी ठेवावं लागतं. दहा दिवसांच्या फरकाने टाकलेले दोन हप्ते काढणीला मात्र तीन आठवड्यांच्या फरकाने येऊ शकतात, कारण दुसऱ्याच्या वाट्याला उजेडच कमी येतो. सहा-सात दिवसांचं अंतर पुरे.

जागा ठरवताना आजच्या उन्हावर विसंबू नका. सूर्य खाली कलत जातो तशा सावल्या लांबतात. आज जिथे पाच तास ऊन आहे तिथे दीड महिन्याने शेजारच्या भिंतीची सावली आलेली असते. पालेभाजीला रोज चार तास ऊन पुरतं. गाजर, मुळा, मटार यांना सहा तास हवं. कुंड्या असतील तर त्या सरकवता येतात, वाफा सरकत नाही. एवढा विचार आधी करा.

कुंडीसाठी दोन भाग माती, एक भाग पूर्ण मुरलेलं कंपोस्ट आणि एक भाग कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. पालेभाजीला 15 ते 20 सेंटिमीटर खोली, गाजराला 30. मागच्या हंगामातल्या शेंगांच्या वेली उपटू नका. बुंध्याशी कापा, मुळं मातीतच कुजू द्या. रोग पडलेलं टोमॅटोचं झाड मात्र मुळासकट काढा आणि ते कंपोस्टात टाकू नका.

पालकाचं बी 30 अंशांच्या वर गेलेल्या मातीत नीट उगवत नाही. बी खराब निघालं असं वाटतं, पण दोष बहुतेक वेळा उन्हाचा असतो. बी 12 तास भिजवा, संध्याकाळी दीड सेंटिमीटर खोल पेरा आणि वर ओलं गोणपाट पसरा. पहिला कोंब दिसला की त्याच दिवशी गोणपाट काढा, नाहीतर रोपं उंच, पिवळी आणि लुळी होतात. कोथिंबिरीचा धणा म्हणजे दोन बियांची जोडी. त्यावर लाटणं हलकेच फिरवून दोन डाळिंब्या वेगळ्या करा. भुगा झाला तर जोर जास्त लागला. रात्रभर भिजवून पेरला तरी दहा ते पंधरा दिवस लागतात. आठव्या दिवशी माती उकरून बघण्याचा मोह आवरावा.

गाजर सर्वांत जास्त निराश करतं. त्याचं बी बारीक, जेमतेम अर्धा सेंटिमीटर खोल पडतं आणि उगवायला दोन-तीन आठवडे घेतं. एवढ्या काळात वरचा थर एकदा जरी कडक वाळला तरी कोंब आतच मरतो. ओळीत गाजराबरोबर थोडं मुळ्याचं बी मिसळा. मुळा चार-पाच दिवसांत वर येतो, मातीची पापडी फोडतो, ओळ कुठे आहे ते दाखवतो आणि गाजराला जागा लागेपर्यंत, म्हणजे महिनाभरात, खाऊनही होतो. गाजराचं रोप उपटून दुसरीकडे लावू नका. मूळ वाकडंच होतं. दोन तंगड्यांचं गाजर निघालं तर मातीत खडे होते किंवा शेणखत कच्चं होतं. मुळ्याला पाला भरपूर आणि खाली दोरी, अशी स्थिती झाली तर तीन शक्यता: नत्र (नायट्रोजन) जास्त, ऊन कमी, किंवा विरळणी, म्हणजे दाटीतली जास्तीची रोपं उपटणं, केलीच नाही. मुळ्यांत पाच सेंटिमीटर अंतर हवंच. उपटलेली कोवळी रोपं फेकू नका, कोशिंबिरीत घाला.

मटार दुपारचं तापमान 30 अंशांच्या खाली आल्यावरच पेरा, कारण त्याहून जास्त उष्णतेत फुलं गळतात. तीन सेंटिमीटर खोल, पाच सेंटिमीटर अंतर. आधाराच्या काठ्या पेरतानाच रोवा. नंतर रोवल्या तर मुळं दुखावतात. नत्राचं खत देऊ नका, वेल माजतो आणि शेंगा रुसतात. लसणाच्या मोठ्या पाकळ्या टोक वर करून चार सेंटिमीटर खोल, दहा सेंटिमीटरवर लावा. कंद भरायला कित्येक महिने आणि चांगली थंडी लागते, पण पात महिन्याभरात कापता येते. थंडी सौम्य असेल तर फक्त पातीसाठीच लावलेला बरा.

या हंगामात रोपं तहानेपेक्षा जास्त पाण्याने मरतात. उन्हाळ्यातली रोज पाणी घालायची सवय सुटत नाही, माती वाळत नाही आणि कोवळी रोपं बुंध्याशी काळी पडून आडवी होतात. बोट तीन सेंटिमीटर खुपसा. आत ओल लागली तर झारी ठेवून द्या. पाणी सकाळीच घाला. गळलेल्या पानांचं चार-पाच सेंटिमीटर आच्छादन करा, मात्र रोप बोटभर उंच झाल्यावर आणि खोडापासून थोडं दूर. मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, दिसला तर आधी पाण्याची जोरदार धार मारा. हटला नाही तर लिटरभर पाण्यात 5 मिलिलिटर नीम तेल आणि साबणाचे काही थेंब घालून संध्याकाळी पानांच्या खालून फवारा. पालकाच्या पानावर पांढुरक्या नागमोडी रेषा म्हणजे नागअळी. ती पानाच्या आत असते, वरच्या फवाऱ्याचा फारसा उपयोग नाही. ती पानं तोडून टाका.

पालकाची बाहेरची पानं आधी घ्या आणि एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त नको. काढणी सकाळी करा, तेव्हा पान पाण्याने भरलेलं असतं. गारठा वाढला की पालक आणि गाजर गोड होतात, कारण गोठण्यापासून बचाव करायला झाड साखर साठवतं. तेव्हा तयार गाजर काढायची घाई नको. लागेल तसं काढा, बाकीचं मातीतच राहू द्या. मटाराचं नेमकं उलटं: तोडल्यापासून त्यातल्या साखरेचं स्टार्च होत जातं, म्हणून आधी चुलीवर पाणी ठेवा आणि मग शेंगा तोडायला जा.