ऑनलाइन पद्मिनी घेताय? आधी खालून बघा

फोटोत चकाचक दिसणारी प्रीमियर पद्मिनी बघून लगेच टोकन पाठवू नका, 'फुल रिस्टोर्ड' म्हणजे बऱ्याचदा नुसता रंग मारलेला असतो. ह्या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार घेते, त्यामुळे खालचा पत्रा सडला की खेळ खल्लास. विकणाऱ्याला सांगायचं, गाडी लिफ्टवर घ्या आणि व्हिडिओ कॉल लावा, मॅट उचलून फ्लोअर दाखवा, दाराखालचा पत्रा, जॅक लावायची जागा, डिकीचा तळ सगळं. पत्र्यावर पत्रा ठोकून वर काळं अंडरकोटिंग फासलेलं दिसलं तर समजून जा, खालचा सडका पत्रा झाकलाय. तिकडे ओळखीचं कोणी असेल तर मऊ कापडात लोहचुंबक गुंडाळून चाकाच्या कमानीवर फिरवायला लावा, जिथे धरत नाही तिथे पुटी (खड्डे बुजवायचा लेप) जाड भरलीय. इंजिन थंड असतानाच स्टार्ट करायला सांगा, निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काम चालू असतानाचे फोटो आणि बिलं मागाच, टाळाटाळ केली तर सोडून द्या, दुसरी मिळते. आणि हो, आरसी! १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी रिन्यू लागते, ती झालीय का बघा, इंजिन नंबर जुळतो का तेही.